डोमेन नावाची विक्री : नूतनीकरणाचे शुल्क कोणाच्या माथी?

अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातील चोंडी या अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली, तर केंद्राच्या संमतीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. दुकानाची पाटी, लेटरहेड, पावतीपुस्तक बदलणे हा एकदाचा खर्च असतो. इंटरनेटवरील पत्त्याचे तसे नाही. ज्या व्यावसायिकाच्या संकेतस्थळाच्या नावात 'अहमदनगर' हा शब्द गुंफलेला आहे, त्याला जुने नाव सांभाळायचे की विकायचे, हे ठरवावे लागते. त्याला हवे असलेले नवे नाव दुसऱ्या कोणी आधीच नोंदवले असेल, तर ते ऑनलाइन बाजारपेठेतून विकत घ्यावे लागते. दोन्ही व्यवहारांत किमतीची घासाघीस पुष्कळ होते. मात्र दरवर्षी भरावे लागणारे नूतनीकरणाचे शुल्क सौदा सुरू असताना कोणी भरायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा मुदत टळल्यावरच उपस्थित होतो.

थोडक्यात उत्तर असे, की हस्तांतर पूर्ण होईपर्यंत हा भार विक्रेत्याचा आणि त्यानंतर खरेदीदाराचा. परंतु सौदा ठरणे आणि हस्तांतर पूर्ण होणे या दोन घटनांमध्ये काही दिवस, प्रसंगी काही वर्षेही जातात. या मधल्या काळासाठी कोणताही सार्वत्रिक नियम नाही. तेथे उभयपक्षी केलेला करारच कामी येतो.

मालकी नव्हे, मुदतीचा हक्क

'डोमेन विकत घेतले' असे बोलण्याची रीत असली, तरी डोमेन नाव कोणाला कायमचे मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरता ते वापरण्याचा हक्क नोंदणीदाराला मिळतो. 'डॉट कॉम'च्या बाबतीत ही मुदत किमान एक आणि कमाल दहा वर्षांची असते. या व्यवस्थेच्या शिखरावर १९९८ मध्ये स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था आहे. तिच्या खाली प्रत्येक प्रत्ययाची रजिस्ट्री येते. 'डॉट कॉम'ची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी चालवते, तर 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' हे प्रत्यय भारतात 'निक्सी' अर्थात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहेत. रजिस्ट्रीच्या खाली ग्राहकांना नावे देणारे रजिस्ट्रार आणि सर्वांत शेवटी नोंदणीदार.

नूतनीकरणाचा पैसा याच साखळीतून वर जातो. व्हेरिसाइनने रजिस्ट्रारकडून घ्यावयाचा 'डॉट कॉम'चा घाऊक दर १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर आयकॅनचे अल्पसे शुल्क, रजिस्ट्रारचा नफा आणि भारतात १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो. रजिस्ट्रीला रजिस्ट्रारकडून पैसे मिळतात आणि रजिस्ट्रार ते आपल्या खातेदाराकडून वसूल करतो. नावाचा सौदा झाला आहे, इसार दिला आहे किंवा किंमत ठरली आहे, याची दखल ही साखळी घेत नाही. नोंद कोणाच्या नावे आहे आणि मुदत कधी संपते, एवढ्याच दोन गोष्टी ती पाहते.

बाजारपेठ साखळीच्या बाहेर

जर्मनीतील सेडो किंवा २०१३ मध्ये गोडॅडीने विकत घेतलेली ॲफ्टरनिक यांसारख्या बाजारपेठा मुळात दलालाचे काम करतात. नाव विक्रीस मांडणे, ग्राहक आणणे, रक्कम सुरक्षित ठेवणे, हस्तांतरास मदत करणे आणि विक्री झाल्यावर दलाली कापून घेणे, हे त्यांचे कार्य. विक्रीस मांडल्याने नाव बाजारपेठेच्या मालकीचे होत नाही. म्हणून त्याची मुदत सांभाळण्याची जबाबदारीही तिच्याकडे जात नाही. एखादी कंपनी रजिस्ट्रार आणि बाजारपेठ अशा दोन्ही भूमिकांत असते, तेव्हा विक्रेत्यांचा गोंधळ होतो. दलाली हे विक्रीसेवेचे मोल आहे, तर नूतनीकरणाचे शुल्क हे नोंदणीचे. एक दिल्याने दुसरे चुकत नाही.

नाव विकले जाईपर्यंतचा खर्च त्यामुळे संपूर्णपणे विक्रेत्याचा असतो. समजा, एखाद्याने पुढे मागणी येईल या आशेने पंचवीस नावे नोंदवली आणि प्रत्येकी वर्षाला १,२०० रुपये पडले. वर्षाचा खर्च ३० हजार आणि चार वर्षांचा १ लाख २० हजार रुपये झाला. चौथ्या वर्षी त्यातील एक नाव ५० हजारांना गेले, तर वर्तमानपत्रातल्या मोठ्या विक्रीच्या बातम्या वाचून धंद्यात उतरलेल्या माणसाला प्रत्यक्षात ७० हजारांचा तोटा झालेला असतो. दलाली आणि प्राप्तिकर निराळेच. न विकलेल्या चोवीस नावांचे नूतनीकरण पुढच्या वर्षी पुन्हा दाराशी उभे राहते.

साठेखत ते खरेदीखत

जमिनीच्या व्यवहारात साठेखत आणि खरेदीखत यांत जे अंतर असते, तेच येथे सौदा ठरणे आणि हस्तांतर पूर्ण होणे यांत असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ नुसार, वेगळा करार नसल्यास, विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी विक्रेत्याने आणि मालकी हस्तांतरित झाल्यानंतरची खरेदीदाराने द्यायची असतात. हा कायदा स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा आहे. डोमेन नावाला तो थेट लागू होत नाही. परंतु घरपट्टीच्या बाबतीत जो न्याय सर्वांच्या अंगवळणी पडला आहे, तोच डोमेनच्या व्यवहारातही रूढ आहे.

फरक एवढाच, की घरपट्टी थकली तर दंड आणि व्याज लागते, घर लगेच जात नाही. डोमेनचे शुल्क थकले, तर काही आठवड्यांत विक्रीची वस्तूच नाहीशी होते. एस्क्रो सेवेत खरेदीदाराची रक्कम त्रयस्थाकडे ठेवली जाते आणि नाव ताब्यात आल्यावर ती विक्रेत्याला मिळते. ही व्यवस्था पैशाचे रक्षण करते. त्या काळात नावाची मुदत संपणार नाही, याची हमी मात्र ती देत नाही. म्हणून जाणकार खरेदीदार रक्कम भरण्यापूर्वी नोंदणीच्या सार्वजनिक माहितीत मुदतीची तारीख पाहतो आणि दोन महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर विक्रेत्याने आधी नूतनीकरण करावे, अशी अट घालतो.

एखादा खरेदीदार सौदा बुडू नये म्हणून विक्रेत्याच्या नावाचे शुल्क स्वतःच भरतो. तशी मुभा काही रजिस्ट्रार देतात. मात्र पैसे भरल्याने हक्क मिळत नाही. याचे जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे ३५ डॉलरचे शुल्क भरायचे राहिले आणि नाताळच्या सुमारास हॉटमेलच्या अनेक ग्राहकांची सेवा अडली. मायकेल चेनी या अमेरिकी प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले आणि सेवा पूर्ववत झाली. नाव मात्र मायक्रोसॉफ्टचेच राहिले. पैसे कोणी भरले यापेक्षा नोंद कोणाच्या नावे आहे, हे निर्णायक असते.

उरलेल्या महिन्यांचा हिशेब

विक्रेत्याने वर्षाचे शुल्क भरून दोनच महिने झाले असतील, तर उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे त्याला परत मिळतात का? रजिस्ट्रार असा परतावा देत नाही. उरलेली मुदत नावाबरोबर खरेदीदाराकडे जाते आणि तिचे मोल विक्रीच्या किमतीतच धरले जाते. वेगळे घ्यायचे असल्यास सौदा ठरतानाच तसे लिहून घ्यावे लागते.

हस्तांतराचे दोन मार्ग आहेत. विक्रेता आणि खरेदीदार एकाच रजिस्ट्रारचे खातेदार असतील, तर नाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवले जाते. यात मुदतीची तारीख बदलत नाही आणि सहसा शुल्कही लागत नाही. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असेल, तर खरेदीदाराला नव्या रजिस्ट्रारकडे एका वर्षाचे शुल्क भरावे लागते आणि 'डॉट कॉम'सारख्या प्रत्ययांत मुदतीत एक वर्षाची भर पडते. ही रक्कम हस्तांतराचा दंड नसून पुढील वर्षाचे आगाऊ नूतनीकरण असते. एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. नवी नोंदणी किंवा रजिस्ट्रार-बदल झाल्यापासून साठ दिवसांत पुन्हा रजिस्ट्रार बदलण्यावरही बंधन येते. खरेदीदाराला लगेच दुसरीकडे जायचे असेल, तर हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

येथेच एक बारीक खाच आहे. मुदत संपली, की 'डॉट कॉम'ची रजिस्ट्री नाव आपोआप एका वर्षाने वाढवते आणि रजिस्ट्रारला ४५ दिवसांची सवलत देते. विक्रेत्याने मुदत टळल्यावर शुल्क भरले आणि याच ४५ दिवसांत नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले, तर आपोआप वाढलेले ते वर्ष रद्द होते. नव्या रजिस्ट्रारकडे भरलेले एकच वर्ष मोजले जाते. रजिस्ट्रीचे पैसे जुन्या रजिस्ट्रारला परत मिळतात. ते विक्रेत्यापर्यंत पोहोचतीलच, असे नाही. परिणामी दोघांनी पैसे भरले आणि वर्ष एकच मिळाले, अशी तक्रार उद्भवते. नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वीच करणे किंवा ४५ दिवस उलटल्यावर हस्तांतर करणे, हा त्यावरील साधा उपाय.

हप्त्यांवरील विक्री

मोठ्या किमतीची नावे हप्त्यांनी विकण्याची पद्धत आता रुळली आहे. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत नाव विक्रेत्याच्या किंवा बाजारपेठेच्या ताब्यात राहते. संकेतस्थळ मात्र खरेदीदार चालवत असतो. वापर एकाचा आणि नोंद दुसऱ्याची, अशी ही अवस्था दोन-तीन वर्षेही टिकू शकते. विक्रेता म्हणतो, 'वापरणाऱ्याने भरावे'; खरेदीदार म्हणतो, 'नाव अजून माझे झालेच नाही.' दोघांचेही म्हणणे तर्काला धरून असते. त्यामुळे हप्त्याच्या रकमेत नूतनीकरण धरले आहे की नाही, हे बाजारपेठेच्या अटींत शोधावे आणि तेथे उल्लेख नसल्यास स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. खर्च कोणीही सोसला, तरी भरण्याची कृती नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच ठेवणे सुरक्षित. कारण रजिस्ट्रारच्या सूचना त्यालाच येतात.

काही नव्या प्रत्ययांत विशिष्ट नावांचे वार्षिक शुल्कच चढे असते. तेथे विक्रीची किंमत कमी दिसली, तरी दरवर्षीचा भार जड पडतो. 'डॉट कॉम'मध्ये रजिस्ट्रीचा नूतनीकरणाचा घाऊक दर सर्व नावांना समान असतो. इतर प्रत्ययाचे नाव घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या दरापेक्षा दुसऱ्या वर्षाचा दर विचारणे शहाणपणाचे.

मुदत टळली तर

आयकॅनच्या २०१३ पासून लागू असलेल्या धोरणानुसार, 'डॉट कॉम'सारख्या सर्वसाधारण प्रत्ययांच्या बाबतीत रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी अशा दोन सूचना द्याव्या लागतात. नूतनीकरण न झाल्यास मुदतीनंतर पाच दिवसांत आणखी एक. या सूचना नोंदणीदाराच्या पत्त्यावर जातात, खरेदीदाराच्या नव्हे. नोंदणीदाराचा ई-मेल त्याच डोमेनवरचा असेल, तर नाव बंद पडताच पुढची सूचनाही त्याला मिळत नाही.

मुदतीनंतरच्या सवलतीच्या काळात नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करता येण्याची शक्यता असते. मात्र हा काळ किती दिवसांचा, हे रजिस्ट्रार ठरवतो आणि याच काळात अनेक रजिस्ट्रार नाव लिलावालाही काढतात. रजिस्ट्रारने नाव रद्द केल्यास तीस दिवसांचा सुटकेचा काळ मिळतो. त्यात मूळ नोंदणीदाराला नाव परत घेता येते, पण नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. त्यानंतर पाच दिवसांनी नाव सर्वांसाठी खुले होते. 'डॉट इन'साठी निक्सीचे नियम लागू असल्याने तेथील मुदती आपल्या रजिस्ट्रारकडून स्वतंत्रपणे समजून घ्याव्यात.

भारतीय खातेदारांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे अमलात आले. ग्राहकाने तशी संमती नोंदवलेली असणे आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना मिळणे आवश्यक झाले. ही व्यवस्था नसलेल्या परदेशी कंपन्यांची स्वयंचलित वसुली भारतीय कार्डांवर नाकारली जाऊ लागली. 'आपोआप नूतनीकरण' या खुणेवर विसंबणाऱ्या विक्रेत्याने प्रत्यक्ष पैसे गेले की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नोंद कोणाच्या नावे?

नगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी किंवा राहाता, कोठेही छोट्या व्यावसायिकाचे संकेतस्थळ बहुधा ओळखीच्या तंत्रज्ञाने तयार केलेले असते. वार्षिक देखभालीच्या एकाच बिलात तो डोमेनचे पैसेही घेतो. अशा वेळी नोंद त्या तंत्रज्ञाच्या नावे आणि खात्यात असण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षे पैसे भरलेल्या दुकानदाराला नाव विकण्याच्या वेळी कळते, की कागदोपत्री तो नोंदणीदारच नाही. विक्रीचा विचार करण्याआधी नोंद व्यवसायाच्या नावे करून घेणे, खात्याचा ताबा आणि ई-मेल आपल्याकडे घेणे, ही पहिली पायरी. वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या व्यवसायाला शुल्कावरील कराची वजावट मिळवायची असेल, तर बिलही त्याच्याच नावाचे हवे.

शुल्काच्या पावत्या जपण्याचे आणखी एक कारण आहे. डोमेन नावांच्या वादांसाठी आयकॅनने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात, दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचे नाव मुख्यतः त्याच्या मालकाला अथवा प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष खर्चाहून अधिक किमतीला विकण्यासाठी नोंदवणे, हा दुर्हेतूचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्ष खर्च कागदपत्रांनी सिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी भरलेल्या शुल्काच्या पावत्या उपयोगी पडतात. 'डॉट इन'साठीही वादनिवारणाचे स्वतंत्र धोरण आहे. रेडिफच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आणि ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले. त्यामुळे प्रसिद्ध देवस्थान, कारखाना वा शिक्षणसंस्थेच्या नावाचे डोमेन दरवर्षी पैसे भरून धरून ठेवले, तरी ते विकण्याचा हक्क सिद्ध होत नाही. आयकॅनच्या प्रक्रियेखाली वाद सुरू असताना नावाची मुदत संपली किंवा ते रद्द झाले, तर तक्रारदाराला त्याच व्यापारी अटींवर शुल्क भरून नाव टिकवता येते. विक्रेता आणि खरेदीदार यांच्याखेरीज तिसऱ्याने शुल्क भरण्याची सोय नियमातच असलेला हा प्रसंग होय.

जुने नाव विकावे का?

नामांतरानंतर 'अहमदनगर' असलेले डोमेन निरुपयोगी झाले, असे मानणे घाईचे ठरेल. जुन्या बिलांवर, ग्राहकांच्या मोबाइलमध्ये, बँकेच्या आणि करखात्याच्या नोंदींत तोच ई-मेल असतो. नाव विकले अथवा सोडून दिले, तर नवा नोंदणीदार त्या पत्त्यावर येणारी पत्रे स्वतःकडे वळवू शकतो. अनेक सेवांचा विसरलेला पासवर्डही ई-मेलवरूनच बदलता येत असल्याने धोका केवळ पत्रांपुरता राहत नाही. सर्व नोंदी बदलून होईपर्यंत आणि त्यापुढेही काही वर्षे जुन्या नावाचे शुल्क भरत राहून त्यावरून नव्या संकेतस्थळाकडे वाट करून देणे, हा तुलनेने स्वस्त विमा होय.

नव्या नावाच्या बाबतीतही खर्चाचा अंदाज हवा. रोमन लिपीत 'अहिल्या' हा शब्द एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिला जातो आणि प्रत्येक लेखन हे स्वतंत्र नाव, स्वतंत्र शुल्क असते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या 'डॉट भारत'मुळे देवनागरीतही नाव नोंदवता येते. सगळी रूपे घेण्यापेक्षा जी दहा वर्षे सांभाळता येतील तेवढीच घ्यावीत.

करारात काय असावे?

साध्या ई-मेलने ठरलेल्या सौद्यातही पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात :

- नावाची सध्याची मुदत कोणत्या तारखेला संपते आणि हस्तांतराच्या दिवशी किमान किती दिवस शिल्लक असतील.
- हस्तांतर पूर्ण होण्यापूर्वी मुदत संपत असल्यास नूतनीकरण कोण करील, कोणत्या तारखेपर्यंत करील आणि तो खर्च किमतीत धरला आहे की वेगळा.
- रजिस्ट्रार बदलताना लागणारे एका वर्षाचे शुल्क कोण देईल.
- हप्त्यांच्या काळातील प्रत्येक वर्षाचे शुल्क कोणाकडे आणि खरेदीदाराने हप्ते थांबवल्यास भरलेल्या शुल्काचे काय.
- दुर्लक्षामुळे नाव सुटकेच्या काळात गेले, तर जादा खर्च कोणाचा, आणि नाव कायमचे गेले तर घेतलेली रक्कम किती दिवसांत परत करायची.

यांपैकी शेवटचे कलम सर्वांत अधिक टाळले जाते. वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या शुल्कावरून लाखाचा सौदा मोडतो, तेव्हा वाद त्या हजार रुपयांचा राहत नाही. इसार परत मागणाऱ्या खरेदीदाराचा आणि विकायला काहीच न उरलेल्या विक्रेत्याचा होतो. मुदतीची तारीख दोघांच्याही दिनदर्शिकेत असणे, हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.